नकाशावरच्या पिवळ्या रेघा : इंग्लंडच्या खेड्यांतून निवांत सायकल चालवायची तर

पहिल्या खेपेला मी फोनचं ऐकलं. सडबरी स्टेशनाबाहेर सायकल भिंतीला टेकवून 'लाँग मेलफर्ड' टाइप केलं आणि फोन सांगेल तसा निघालो. पाच किलोमीटर अंतर, वीस मिनिटांचा मामला. दहाव्या मिनिटाला मी ए १३४ या हमरस्त्यावर होतो. अंगाला लागूनच ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं सायकल हातभर गवताकडं सरकत होती, आणि ज्या शांत खेड्यांसाठी लंडनहून आलो ती कुंपणापलीकडं कुठंतरी होती. फोनला मी जवळची वाट विचारली होती, ती त्यानं इमानदारीत दाखवली.

त्यानंतर याच सफक परगण्यात बरंच भटकलो. इथं नोकरी-शिक्षणासाठी नव्यानं आलेल्या मित्रांना नेलं, एका उन्हाळ्यात भेटीला आलेल्या आई-बाबांनाही नेलं. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय. उदाहरणं सगळी सफकचीच देतो, कारण तो भाग पायाखालचा आहे. शिवाय नवख्याला बराही आहे: लंडनपासून जवळ, चढ बेताचे, आणि पाऊस इंग्लंडच्या मानानं कमी.

आधी नकाशा, मग सायकल

इथल्या ग्रामीण भागात रस्त्यांची दोन जाळी एकावर एक अंथरलेली आहेत. एक मोटारींचं, मोठ्या गावांना सरळ जोडणारं. दुसरं त्याच्या कितीतरी आधीचं: शेतातून गिरणीकडं, वस्तीवरून चर्चकडं, एका खेड्यातून शेजारच्या खेड्याकडं वळणं घेत जाणारं. आपल्याला हे दुसरं जाळं हवंय आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशावर. त्यांची गुलाबी कव्हरची लँडरेंजर मालिका १:५०,००० प्रमाणात असते. सडबरी आणि जवळच्या लॅव्हनम गावासाठी १५५ क्रमांकाचा नकाशा घ्या. अॅपवरही हेच नकाशे मिळतात, पण पहिल्यांदा कागदी घ्या. टेबलावर पसरल्याशिवाय जाळं दिसत नाही.

आता रंग. लाल रस्ते म्हणजे 'ए' वर्गाचे, नारिंगी-तपकिरी म्हणजे 'बी' वर्गाचे. लाल टाळायचे. नारिंगी नाइलाज असेल तरच, तेही थोडेसे. पिवळे आपले. पिवळ्यातही जाड रेघ आणि बारीक रेघ असा फरक आहे: बारीक रेघ म्हणजे साधारण चार मीटरपेक्षा अरुंद रस्ता. तिथं समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकाला कडेला घुसावं लागतं, आणि तो एक कोण हे सांगायला नको. पण दिवसभरात ट्रॅक्टर येतात मोजके. पांढऱ्या, रंग न भरलेल्या रस्त्यांच्या नादी मात्र सुरुवातीला लागू नका. ती कुणाच्या तरी शेतघराकडं जाणारी खासगी वाट असू शकते.

आदल्या संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसा. निघायचं स्टेशन आणि बघायचं गाव पिवळ्या रेघांनी जोडा. मग एक गोष्ट तपासा, जी नवखे हमखास विसरतात: तुमची पिवळी रेघ लाल रस्त्याला कशी भेटते? सरळ ओलांडून पलीकडं जात असेल तर उत्तम. थांबायचं, दोन्हीकडं बघायचं, पलीकडं जायचं. पण कधी पलीकडची पिवळी वाट दोन-तीनशे मीटर सरकून सुरू होते आणि तेवढा वेळ लाल रस्त्यावरून जावं लागतं. नकाशावर ते तीळभर दिसतं, प्रत्यक्षात आईचा हात धरून परत फिरावंसं वाटतं. दुसरी वाट शोधा, बहुतेक वेळा असते.

अंतर मोजायला फूटपट्टी नको. नकाशावरचा प्रत्येक निळा चौकोन एक किलोमीटरचा आहे. बोटानं चौकोन मोजा आणि वळणांसाठी थोडं वर धरा. रस्त्यावर एक बाण काढलेला दिसला तर चढ १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे त्याहूनही उभा. सफकमध्ये बाण क्वचितच दिसतात. डेव्हन किंवा यॉर्कशरचा नकाशा उघडलात तर बाणांचं पीक दिसेल. तिकडं दुसऱ्या वर्षी जा.

शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा नकाशावर मोहक दिसतात, पण त्या सगळ्या सायकलसाठी नाहीत. खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे घोड्यांची वाट, आणि तिच्यावर सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कायद्यानं दिलाय. अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. हक्क असला तरी पावसानंतर या वाटा म्हणजे भाताचं खाचर. पहिल्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

किती जायचं आणि कधी

पुण्यात सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारा माणूस 'साठ-सत्तर सहज होतील' म्हणतो. होतील. पण मग खेडी दिसणार नाहीत. चालू सायकलचा निवांत वेग ताशी १५ किलोमीटर धरा. त्यात चर्चमध्ये डोकावणं, नकाशा बघणं, चहा, फोटो आणि 'ते घर असं वाकडं का?' ही चर्चा मिळवली की तासाला आठ-नऊच पडतात. पहिल्या दिवशी २५ ते ३० किलोमीटर पुरे. रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असतात हेही ध्यानात ठेवा. 'लॅव्हनम ४' म्हणजे साडेसहा किलोमीटर.

मे आणि जून सगळ्यात चांगले. मेमध्ये तेलबियांची पिवळीजर्द शेतं, जूनमध्ये गव्हाच्या कडेनं लाल पॉपी, आणि उजेड रात्री नऊच्या पुढंपर्यंत. डिसेंबरात हाच सूर्य पावणेचारला मावळतो, म्हणून हिवाळ्यात जेवणानंतर फक्त घरी जायचं काम उरतं. ऑगस्टअखेरीस कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात. करवंदं खाल्लेल्या माणसाला त्या कशा तोडायच्या हे शिकवावं लागत नाही, काटे तसेच आहेत.

सप्टेंबरबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण त्यानं मला एका दिवसात तीन पंक्चर दिलीत. इथल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची जिवंत कुंपणं असतात, कोकणातल्या वईसारखी, फक्त मैलोन्‌मैल. पक्ष्यांची घरटी असतात म्हणून मार्च ते ऑगस्ट ती छाटायला बंदी आहे. त्यामुळं सप्टेंबर लागला की शेतकरी ट्रॅक्टरला छाटणीचं यंत्र लावून निघतात आणि रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. बाभळीचा काटा परवडला, हा बारीक असतो, दिसतच नाही. छाटलेल्या हिरव्या काड्या रस्त्यावर दिसल्या की खाली उतरून सायकल उचलून न्या, पुढं गेल्यावर दोन्ही टायरांवरून हातमोजा फिरवा. त्यानंतर शुगर बीटचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडं ऊस गाळपाला निघाल्यावर रस्त्यांचं जे होतं तेच इथं होतं: बीट भरलेले ट्रक साखर कारखान्याकडं धावतात आणि शेताच्या तोंडाशी रस्ता चिखलानं निसरडा होतो. सांगली-कोल्हापूरकडचा माणूस हे बघून घरी आल्यासारखा हसतो.

वारा पावसाहून महत्त्वाचा. तो बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत हा शहाणपणाचा नियम, पण खाली दिलेल्या पहिल्या फेरीत नेमकं उलटं आहे: लॅव्हनम सडबरीच्या ईशान्येला, म्हणजे जाताना वारा पाठीवर आणि परतताना तोंडावर. जाताना 'काय पळतेय सायकल!' असं वाटलं तर कारण वारा आहे. परतीसाठी दम राखून ठेवा.

सायकल

विकत घेऊ नका. आधी भाड्यानं किंवा मित्राची घ्या. सरळ हँडलची हायब्रिड, ३५ मिलिमीटरच्या आसपासचे टायर, मडगार्ड आणि मागं कॅरियर. मडगार्ड नसलेली सायकल दुकानात देखणी दिसते आणि पहिल्याच ओल्या रस्त्यावर पाठीवर चिखलाची रांगोळी काढते.

सीट वर करा. आपल्याला दोन्ही पाय जमिनीला टेकायची सवय असते, त्यामुळं सीट खाली ठेवली जाते आणि दुपारपर्यंत गुडघे बोलू लागतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. पुढचा ब्रेक इथं उजव्या हाताला असतो. उतारावर तो एकटाच कचकन दाबू नका. स्टँड बहुतेक सायकलींना नसतोच, भिंत शोधावी लागते. हवा भरायचे व्हॉल्व्ह दोन तऱ्हेचे: मोटारीसारखा जाड, आणि सडपातळ, ज्याचं टोकाचं नटासारखं डोकं आधी सैल करावं लागतं. तुमच्या सायकलचा कुठला ते बघूनच पंप आणि जादा ट्यूब घ्या. ट्यूब बदलायचा सराव घरी दिवाणखान्यात एकदा करा, पहिला प्रयत्न पावसात नको.

आई-बाबांसाठी मी बॅटरीची सायकल घेतली होती. इथं ती चौदा वर्षांवरच्या कुणालाही परवान्याशिवाय चालवता येते. मोटर २५० वॉटपर्यंतची असते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर मदत देणं थांबवते. बाबा आधी 'ही काय सायकल झाली का' म्हणाले. दुपारनंतर परत द्यायला तयार नव्हते.

हेल्मेट कायद्यानं सक्तीचं नाही, तरी घाला. अंधार पडल्यावर पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा मात्र कायद्यानंच लागतो. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका: पातळ रेनकोट पिशवीत कायम, जीन्स अजिबात नको, आणि जूनमध्येही एक पूर्ण बाह्यांचं काहीतरी हवं. रस्त्याकडेला नेटल नावाची खाजरी वनस्पती माजलेली असते, म्हणून 'जरा आडोशाला' जाताना बघून जा.

पोटाची सोय

खेड्यात दुपारी अडीच वाजता जेवण मिळेल असं गृहीत धरून मी एकदा एका पबच्या दारात उभा राहिलो. पब उघडा होता, स्वयंपाकघर बंद. मालकीणबाई म्हणाल्या, "सॉरी लव्ह, क्रिस्प्स आहेत." वेफर्सच्या दोन पुड्यांवर पुढचे पंधरा किलोमीटर काढले. खेड्यातल्या पबांची चूल साधारण बारा ते दोन पेटलेली असते. कित्येक पब सोमवारी पूर्ण बंद असतात, आणि रविवारी भाजक्या मांसाच्या जेवणासाठी एवढी गर्दी की टेबल मिळत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा.

आत गेल्यावर वेटरची वाट बघत बसू नका. टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं, बऱ्याच ठिकाणी पैसेही तिथंच द्यायचे. शाकाहारी माणसानं सालीसकट भाजलेला बटाटा मागावा, वर चीज किंवा बीन्स, पोटभरीचा असतो. पिण्याचं साधं पाणी गिऱ्हाइकाला फुकट देणं दारूचा परवाना असलेल्या ठिकाणांना बंधनकारक आहे, तेव्हा 'टॅप वॉटर' म्हणायला लाजू नका आणि बाटलीही भरून घ्या. बिअर एखादी ठीक. धुंदीत सायकल चालवणं इथं गुन्हा आहे.

तरी पिशवीत घरचं काहीतरी हवंच. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चिक्की नेतो. पबच्या टेबलावर डबा उघडायचा नाही, पण चर्चच्या आवारातलं बाकडं त्यासाठीच असावं असं वाटण्याइतकं सोयीचं असतं. गावचं चर्च दिवसा बहुधा उघडं असतं, आणि पाऊस आला तर त्याच्या दारापुढच्या छपराखाली दगडी कट्ट्यांवर बसता येतं. उठताना कागद-कचरा उचला.

सुटी नाणी ठेवा. घरांच्या फाटकाबाहेर टेबल मांडून त्यावर आलुबुखार, मुरंबे, रोपं, अंडी ठेवलेली असतात आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. राखायला कुणी नाही. सायकलवर अंडी घेऊ नका. का ते विचारू नका.

रस्त्यावरची रीत

गाडी डावीकडून, आपल्यासारखीच. ही मोठी सोय आहे. पण डावीकडून म्हणजे गटारातून नव्हे. कुंपणाला घासून गेलात तर वळणावर समोरच्याला तुम्ही दिसत नाही, आणि मागच्याला वाटतं की जागा आहे, घुसूया. अरुंद, शांत रस्त्यावर आपल्या लेनच्या मधोमध चालवा; वाहतूक नियमावलीत २०२२ च्या बदलांनंतर हे स्पष्टच लिहिलंय. मागून गाडी आली की सुरक्षित जागा बघून कडेला व्हा आणि हात करा. ओलांडणाऱ्या मोटारीनं निदान दीड मीटर अंतर ठेवावं असंही तिथंच म्हटलंय.

एका पाटीनं आपली माणसं फसतात: पांढरी गोल पाटी, तिच्यावर काळी तिरकी रेघ. वाटतं, गाव संपलं, काहीतरी बंधन उठलं. तिचा अर्थ असा की इथून पुढं मोटारीला ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर वेगाची मुभा आहे, मग रस्ता बैलगाडीइतका अरुंद का असेना. कुणी सहसा तसं चालवत नाही. पण वळणावर कान उघडे ठेवा, इअरफोन नको.

फुटपाथवर सायकल चालवू नका, निळी पाटी तशी परवानगी देत नसेल तर. आणि घोडे! इथं रविवारी सकाळी बायका-मुली घोड्यांवर रपेट मारायला निघतात. मागून घंटी वाजवलीत तर घोडा बिथरतो. लांबूनच मोठ्यानं 'हॅलो' म्हणा, वेग कमी करा, उजवीकडून लांब अंतर ठेवून जा. डावीकडून कधीच नाही.

सामसूम रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस 'मॉर्निंग' म्हणेल. उत्तर द्या. लंडनच्या मेट्रोत दोन वर्षं काढलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं.

पहिली फेरी : सडबरी, लाँग मेलफर्ड, लॅव्हनम

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टे, तासाभरापेक्षा थोडं कमी. तिथं गाडी बदलून सडबरीची छोटी गाडी, वीस मिनिटं. वाटेत ती चॅपलच्या ३२ कमानींच्या विटांच्या पुलावरून जाते; खिडकी पकडा. सायकलला तिकीट लागत नाही, पण कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी लंडनच्या गाड्यांत घडी न होणारी सायकल चालत नाही. शनिवारी सकाळी निघा.

सडबरी हे चित्रकार थॉमस गेन्सबरोचं जन्मगाव, १७२७ चं. बाजारात त्याचा पुतळा आहे, हातात रंगांची पाटी घेऊन. गावामागं स्टौर नदीच्या कुरणांत गायी चरत असतात. तिथून १९६७ साली बंद पडलेल्या लोहमार्गावरची 'व्हॅली वॉक' नावाची वाट लाँग मेलफर्डच्या दिशेनं जाते: सपाट, झाडांच्या बोगद्यासारखी, कोरड्या दिवसांत सुंदर. ए १३४ ची आठवण इथं पुसून टाकता येते.

लाँग मेलफर्डमधलं 'लाँग' गावच्या रस्त्याला उद्देशून आहे. रस्ता संपता संपत नाही, आणि शेवटी प्रचंड हिरवळ चढून गेलं की चर्च. जवळ जाऊन भिंत बघा. या भागात बांधकामाचा दगड नाही, म्हणून शेतांत सापडणारी गारगोटी फोडून भिंतीत बसवलीय. हीच गारगोटी पावसानंतर धुपून रस्त्यावर येते आणि टायरला चिरते. पंक्चर झालंच तर निदान कशानं झालं ते कळेल.

इथून ए १३४ एकदा ओलांडायचा, मग लॅव्हनमपर्यंत पिवळी रेघ, सात-आठ किलोमीटर. आधी त्याच्या चर्चचा ४३ मीटर उंच मनोरा दिसतो, मग बराच वेळ तोच दिसत राहतो. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा का, याचं उत्तर लोकर. निळ्या लोकरी कापडावर लॅव्हनम गबर झालं. १५२४ च्या करवसुलीत इंग्लंडातल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत ते होतं. पुढं धंदा बसला, नवी घरं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनीच राहिली. ओल्या ओक लाकडाच्या चौकटी वाळताना पिळवटल्या आणि घरं एकमेकांना खांदा देऊन वाकडी उभी आहेत. बाजारचौकातला गिल्डहॉल १५३० च्या आसपासचा. इथं सायकल कुलूप लावून ठेवा आणि तासभर पायी फिरा. बरोबर जेवणाची वेळही साधते, बारा ते दोन.

परत ॲक्टन गावावरून, पिवळ्या रेघेनं, वारा तोंडावर घेत. एकूण फेरी पंचवीसेक किलोमीटर. सडबरीहून गाडी साधारण तासाला एक असते. शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच कागदावर लिहून ठेवा, कारण खोलगट भागांत फोनला रेंज नसते आणि नकाशासुद्धा आधीच फोनवर उतरवून ठेवावा लागतो.

दुसऱ्या खेपेला कर्झीला जा. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि तळाशी रस्त्यावरूनच वाहणारा ओढा. फोटोसाठी सगळ्यांनाच त्यातून सायकल घालावीशी वाटते. तळाशी शेवाळ असतं, तेव्हा उतरा आणि शेजारच्या पादचारी पुलावरून सायकल हातानं न्या. बदकं रस्ता ओलांडत असतील तर थांबा. तिथं मोटारीही थांबतात.